गोरोकाला येण्याआधी: ‘तिथले आदिवासी कसे आहेत?’ या प्रश्नाचं उत्तर

स्नेहल, तुझ्या नवऱ्याला पापुआ न्यू गिनीतल्या गोरोकात कॉफीच्या कंपनीत अकाउंट्सची नोकरी लागली, आणि तू विचारलंस, “ताई, तिथले आदिवासी कसे आहेत? बाईमाणसाला राहता येईल का? भाषा शिकावी लागेल का?” माझं इथलं हे अकरावं वर्ष. जरा सविस्तरच लिहिते.

आधी तू पाहिलेला तो झाडावरच्या घरांचा व्हिडिओ डोक्यातून काढ. ते कोरोवाई लोक, आणि ते राहतात न्यू गिनी बेटाच्या पश्चिम अर्ध्यात, म्हणजे इंडोनेशियात. तू येते आहेस तो पूर्वेकडचा अर्धा भाग, १९७५ साली ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र झालेला पापुआ न्यू गिनी. इथे ८००च्या वर भाषा आहेत. बोली नव्हेत, भाषा. गोरोकातून दाऊलो खिंड ओलांडून शेजारच्या सिंबू प्रांतात उतरलीस की इथली भाषा तिथे कळत नाही. आणि शेजारच्या दोन खोऱ्यांतल्या लोकांना एकाच नावाने हाक मारणं म्हणजे कोल्हापूरकराला नागपूरकर म्हणण्यासारखं, फक्त राग जास्त येतो. त्यामुळे ‘तिथले लोक कसे’ याला उत्तर नाही. ‘कुठले?’ असा उलटा प्रश्न आहे.

आमच्या ऑफिसचंच बघ. गोदाम सांभाळणारा हुली जमातीचा आहे, तारीकडचा. त्याचे आजोबा स्वतःचेच केस वाढवून त्यांचा टोप करत, आणि सणाला चेहऱ्याला पिवळी माती लावत. रिसेप्शनवरची मुलगी तोलाई, राबाउलकडची. तिच्याकडे जमीन आईकडून येते, आणि मुलाच्या आयुष्यात बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. लग्नाकार्यात आणि मयताला तिथे आजही शंखांच्या माळांचा पैसा चालतो, त्याला ते ताबू म्हणतात. ड्रायव्हर एंगा प्रांताचा. त्याच्याकडे सगळं बापाच्या कुळावर. ही तिघं एकाच टेबलावर जेवतात आणि एकमेकांच्या चालीरीतींवर हसतात.

पहिल्याच वर्षी त्या रिसेप्शनवालीने आणि कँटीनच्या मावशींनी मला विचारलं, “तुझ्यासाठी किती डुकरं दिली?” इथल्या डोंगराळ भागात मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात, डुकरं आणि रोख. मी सांगितलं की आमच्याकडे पूर्वी उलट चालायचं, आणि कायद्याने बंदी असून अजूनही चोरून चालतं. मावशींनी चमचा खाली ठेवला. “मुलगीपण द्यायची आणि वर पैसेपण?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण म्हणून इथली रीत गोड आहे असं समजू नकोस. ‘डुकरं मोजलीत’ म्हणून बायकोवर हात उचलणारे मी पाहिलेत, आणि मारहाण झाली तरी माहेरी परत जाणं सोपं नाही, कारण मग ती डुकरं परत द्यावी लागतात.

भाषेचं म्हणशील तर टोक पिसिन, म्हणजे इथली सगळ्यांची सामाईक भाषा, शिकच. कागदोपत्री इंग्रजी चालते, बाजारात टोक पिसिनच. आणि ती आपल्याला सोपी जाते, त्यामागे एक मजेदार कारण आहे. इंग्रजीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांना एकच शब्द. टोक पिसिनमध्ये मात्र आपल्यासारखेच दोन आहेत: ‘युमी’ म्हणजे आपण, ‘मीपेला’ म्हणजे आम्ही, तुला सोडून. ऑस्ट्रेलियन मॅनेजर वर्षानुवर्षं यात गोंधळतात. तुझा गोंधळ होणार नाही. कोण कधी मीपेला म्हणतंय आणि कधी युमी, एवढं कान देऊन ऐकलंस तरी निम्मं ऑफिस कळेल.

दुसरा शब्द ‘वान्टोक’. एका भाषेचा माणूस, म्हणजे आपला माणूस. वान्टोक दारात आला की त्याला नाही म्हणता येत नाही. पगार दर पंधरवड्याला होतो, आणि त्या दिवशी ऑफिसच्या फाटकाबाहेर नातेवाईक उभे असतात. तुझ्या नवऱ्याला सांग, उचल मागायला आलेल्याला उधळ्या समजू नकोस, त्याच्यामागे चाळीस जण आहेत. पण रोकड आणि पावत्या एकाच माणसाच्या हातात ठेवू नकोस हेही सांग.

कुणाचं मयत झालं तर ‘हाउस क्राय’ला, म्हणजे शोकाच्या बैठकीला, जायचंच. दिवसच्या दिवस चालतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दहा किलो तांदूळ, साखर आणि डबाबंद मासे घेऊन गेले होते. बायका अंगाला चिखल फासून जमिनीवर बसलेल्या. कुणी काही बोललं नाही, सरकून जागा दिली. मी बसले. काही महिन्यांनी त्यातल्याच एकीने मला बिलुम विणून दिली, कपाळावरून पाठीवर सोडायची दोऱ्याची पिशवी. यात इथे कंदही वाहतात आणि तान्हं बाळही झोपवतात.

सुपारीचं मात्र घरच्यासारखं वाटेल. तिला बुआई म्हणतात, आणि चुना असतोच. फरक एवढाच की आपण नागवेलीचं पान खातो, इथले लोक त्याच वेलीचा शेंगेसारखा तुरा चुन्यात बुडवून चावतात. रस्ते लाल, तेही ओळखीचं.

आता भीतीचं. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही. हायवेवर कुळांची भांडणं पेटली की रस्ता बंद होतो, आणि मिटतात ती भरपाईने: डुकरं, पैसे, भाषणं. जादूटोण्यावर, ज्याला सांगुमा म्हणतात, थट्टेतही बोलू नकोस. त्या आरोपावरून बायकांना छळतात. ‘त्याने जादूटोणा केला होता’ हा खुनाच्या आरोपीचा बचाव मान्य करणारा १९७१चा कायदा २०१३ मध्ये रद्द झाला, माणसांच्या मनातून गेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट मोर्सबीत दुकानं लुटली, जाळली, तेव्हा आम्ही इथे आठवडाभर फाटकाला कुलूप लावून होतो.

सप्टेंबरात आलीस तर गोरोका शो चुकवू नकोस. १९५७ पासून भरतो, स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे १६ सप्टेंबरच्या सुमाराला. आसारोचे चिखलाचे मुखवटेवाले तिथे दिसतीलच. फोटोआधी विचार. आणि दुसऱ्या दिवशी त्यातलाच एखादा बँकेत टाय लावून भेटला तर दचकू नकोस.

जेवणाचे हाल नाहीत. बाजारात रताळी (इथे काउकाउ), भोपळ्याचे कोवळे शेंडे, शेंगदाणे, अॅव्होकाडो ढिगाने. हिंग आणि गोडा मसाला पॅकबंद आण. मेथीचं बियाणं आणू नकोस, माझं विमानतळावरच काढून घेतलं होतं. आणि कुकरची गास्केट दोन जास्तीची घे. इथे मिळत नाहीत, मला एक लागेल.