वाचक विचारतात : कुंटा किंटे अहिराणीत बोलला तर?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या गटाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यावरच्या मालिका पाहायच्या आहेत. चार रविवार, प्रत्येकी दोन तास. ‘रूट्स’ पूर्ण घ्यावी का? (अमळनेर)

उत्तर : नको. जानेवारी १९७७मध्ये एबीसी वाहिनीवर ती सलग ८ रात्री चालली, जाहिराती धरून १२ तास. तीच लावून बसलात तर गुलामगिरी संपायच्या आत तुमचे रविवार संपतील. फक्त दुसरा भाग दाखवा. गॅम्बियातलं जुफुरे गाव, नायक कुंटा किंटेला गुलाम करण्यासाठी पकडणं, जहाज, एवढं आधी पाच मिनिटांत तोंडी सांगा. मालकाने लादलेलं ‘टोबी’ हे नाव चाबकाखाली तो स्वतःचं म्हणून सांगतो तिथे थांबा. डीव्हीडीवर भागांची विभागणी वेगळी असते, म्हणून क्रमांकावर न जाता प्रसंग स्वतः शोधून ठेवा.

दुसऱ्या रविवारी १९७४चा ‘मिस जेन पिटमन’ हा टीव्हीपट. शेवटी ११० वर्षांची जेन फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या नळापाशी काठी टेकत जाते आणि पाणी पिते. चवदार तळं कुणीतरी काढणारच, काढू द्या; पण एक फरक सांगा. अमेरिकेच्या दक्षिणेत ही विभागणी कायद्यानेच लादलेली होती. महाडला नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव आधीच झाला होता, आडवा आला तो गाव.

तिसऱ्या रविवारी ‘ज्युलिया’चे (१९६८) अर्ध्या तासाचे दोन-तीन भाग. नवरा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेली ज्युलिया नर्स आहे. नोकरीसाठी फोन करताना ती ‘मी कलर्ड आहे’ असं आधीच सांगून टाकते. डॉक्टर विचारतो, पहिल्यापासून की हल्लीची फॅशन म्हणून? त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, आणि ही बाई छानशा फ्लॅटमध्ये गोऱ्या शेजाऱ्यांत सुखाने राहतेय, यावर तेव्हा बरीच टीका झाली. टीका रास्त होती, तरी मिसळून जायची किंमत काय यावर गटात सगळ्यात जास्त वाद याच मालिकेवर होईल.

चौथ्या रविवारी ‘व्हेन दे सी अस’चा (२०१९) शेवटचा, दीड तासाचा भाग. १९८९मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बलात्कार प्रकरणात पाच पोरं नाहक अडकली; शिक्षा रद्द झाली २००२ मध्ये. तुरुंगातले प्रसंग जबर आहेत, लहान मुलांना बोलावू नका.

प्रश्न : ‘रूट्स’मधल्या काही प्रसंगांना मराठी सबटायटल्स करतो आहे. गुलामांची भाषा अहिराणी ठेवली तर? (शिरपूर)

उत्तर : मोह समजतो, पण अडचण प्रेक्षकांची आहे. आपल्याकडे पडद्यावरची अहिराणी म्हटलं की यूट्यूबवरचे विनोदी व्हिडिओ आठवतात. मुकादमाने चाबूक उगारल्यावर कुंटा ‘मनं नाव कुंटा शे’ म्हणाला की नेमकं नको तिथे हसू फुटेल. करायचंच असेल तर मालक आणि मुकादम प्रमाण मराठीत, गुलाम आपसांत अहिराणीत, हा नियम शेवटपर्यंत मोडू नका. कुंटाला मात्र पहिल्या दिवसापासून अस्खलित अहिराणी देऊ नका. तो फिडलर या म्हाताऱ्या गुलामाकडून नवी भाषा शिकतो. आधी तुटक, मग हळूहळू सफाईदार. तो कसा बदलत गेला ते वाचणाऱ्याला तिथेच दिसतं.

‘बॉय’चं ‘मुलगा’ करू नका. पन्नाशीच्या माणसाला मारलेली ती हाक आहे, तिथे ‘ए पोऱ्या’ बसतं. मराठीचं खरं बळ अरे-तुरेत आहे: म्हाताऱ्याने मालकाच्या पोराला ‘मालक’ म्हणायचं आणि पोराने त्याला ‘काय रे’. नागरी हक्कांच्या काळातल्या कथांतही हे जपा. १९६३मध्ये अलाबामात सरकारी वकील ‘मिस हॅमिल्टन’ न म्हणता नुसतं ‘मेरी’ म्हणतो म्हणून कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन यांनी कोर्टात उत्तर द्यायचं नाकारलं. बेअदबीची शिक्षा झाली, १९६४मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. तिथल्या ‘मिस’चं आपल्याकडे ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ होतं.

वंशवाचक शिवीसाठी आपल्याकडची जातिवाचक शिवी वापरली तर पात्र एकदम आपल्या गावचं होतं आणि वंशाचं भांडण जातीचं होऊन बसतं. ‘ए काळ्या’ पुरेसं आहे. ‘निग्रो’, ‘कलर्ड’ हे त्या काळातले शब्द तसेच राहू द्या. ज्युलियाच्या तोंडी ‘कृष्णवर्णीय’ विचित्र वाटेल.

आता तांत्रिक. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४० अक्षरं, सात सेकंदांपेक्षा जास्त नाही. फाइल यूटीएफ-८मध्येच साठवा, नाहीतर देवनागरीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतील. आणि ‘माझं नाव टोबी आहे’ असं सबंध वाक्य एकदम टाकू नका. कुंटा तोंड उघडण्याआधीच प्रेक्षक नाव वाचून मोकळा होतो. नाव स्वतंत्र सबटायटलमध्ये, ओठ हलतील तेव्हाच, ‘आहे’ गाळा.

प्रश्न : ‘रूट्स’ खरी घडलेली गोष्ट आहे ना? (भुसावळ)

उत्तर : अर्धीमुर्धी. अ‍ॅलेक्स हेली यांनी पुस्तक आपल्याच कुळाची कथा म्हणून मांडलं, पण पुढे वंशावळीच्या अभ्यासकांना कागदपत्रांत ती जुळेना. हॅरॉल्ड कूरलँडर यांच्या कादंबरीतला मजकूर घेतल्याचा खटलाही १९७८मध्ये पैसे देऊन मिटवावा लागला. जहाजं, लिलाव, नावं बदलणं हे मात्र इतिहासातलंच. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘सत्यकथा’ न छापता ‘कादंबरीवर आधारित’ छापा.