वेबसाईट अध्यक्षांसाठी का कास्तकारासाठी?

प्रश्न: आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तूर-सोयाबीन घेतो. मागच्या वर्षी वेबसाईट बनवली, पैसेही बरेच गेले, पण सभासद पाहतच नाही, अजूनही फोनच करतात. आता नवीन बनवायची आहे. तर डिझाईनमध्ये काय काय टाकावं?
– एक वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर: भाऊ, ते मला कशाला विचारता, तुमच्या फोनवर रोज येऊन राहिलं ना! आठ दिवस ऑफिसात एक वही ठेवा अन् फोनवर माणूस काय विचारते ते त्याच्याच शब्दात लिहा. 'तूर काय भाव', 'काटा चालू हाय का', 'चुकारा कधी' हेच जास्त निघन, 'ध्येय व उद्दिष्टे' विचारायला कोणी फोन करत नाही. मग तेच प्रश्न पहिल्या स्क्रीनवर अन् शब्दही तेच, 'देयक स्थिती' नको, चुकाराच लिहा.

मालात ओलावा किती चालते, हेही तसंच वर टाका. हमीभाव खरेदीत सोयाबीनला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा धरतात, पण २०२४ च्या हंगामात सरकारनं १५ पर्यंत सूट दिली होती, म्हणजे असा आकडा तुमच्या ऑफिसातल्या पोराला मोबाईलवरून बदलता आला पाहिजे, डिझायनरच्या मागे लागायचं काम नको, नाहीतर माणूस ओला माल गाडीत भरून येते अन् भाडं अंगावर घेऊन परत जाते.

साईट बनवायच्या आधी कागदावर पानं काढा अन् पाच जणांना दाखवा. वेबसाईट वापरायला सोपी कशी करावी याचे जाणकार जेकब नील्सन यांनी २००० सालीच लिहून ठेवलं की पाच माणसांत साधारण ८५ टक्के अडचणी दिसून जातात. पण पाचही संचालक नका घेऊ बाप्पा! एखादे म्हातारे सभासद, बचत गटातली ताई, एखादा नवखा पोरगा असे घ्या. 'तुमचा चुकारा आला का पाहा' एवढं म्हणा अन् गप्प बसा, हे गप्प बसणंच लय कठीण जाते. व्यापारी वेगळा, त्याला माल किती अन् कोणता एवढंच पाहिजे, त्याला वेगळं पान द्या.

डिझायनर एसीत बसून फिकट राखाडी अक्षरं पसंत करते, तुम्ही तीच भर दुपारी वावरात उभं राहून वाचून पाहा. अक्षर अन् मागचा रंग यात उजळपणाचा किमान ४.५ ला १ फरक पाहिजे असा वेबचा नियमच आहे. सरकते फोटो काढून टाका, रेंज नसली की तेच अडकतात. अध्यक्षांचा फोटो मात्र खाली कुठंतरी राहू द्या, बिलावर सही त्यांचीच लागते.

अन् फोन नंबर वरच, मोठा. काही जण तरीही फोनच करतीन, करू द्या.