फुटबॉलमध्ये सगळा संघ मागे असताना प्रतिहल्ल्यातून गोल कसा होतो?
दहा जण आपल्याच अर्ध्यात असताना गोल येतो कुठून, हा प्रश्न रास्त आहे. ४-४-२ मध्ये, म्हणजे चार बचावाला, चार मध्ये आणि दोन पुढे अशा मांडणीत, बचावफळी आणि मधली फळी एकमेकींना अगदी चिकटून राहतात. मधून वाट नाही म्हटल्यावर प्रतिस्पर्धी कडेने येतो, त्याचे फुलबॅक (कडेचे बचावपटू) वर चढतात आणि त्यांच्या पाठीमागे मोकळं रान उरतं. खरा डाव तिथेच!

२०१५-१६ मध्ये लेस्टर सिटी या इंग्लिश क्लबने असंच खेळून प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची अव्वल लीग, जिंकली. कान्टेने चेंडू हिसकावायचा, ड्रिंकवॉटरने लांब पास टाकायचा, वार्डीने सुसाट सुटायचं. त्या लीगमध्ये वार्डीचे २४ गोल झाले.

माझ्या मते चेंडू मिळाल्यावरचा पहिला पास सगळ्यात मोलाचा. तो मागे गेला की समोरचे परत जागेवर येतात. वेगवान फॉरवर्ड नसेल तर मात्र हा डाव मांडू नका.