ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर गेलेली माणसं परत का येतात?

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखीच छोट्या पोस्टींची जागा. तिथून परतलेल्यांत मीही आहे, म्हणून सांगतो.

नोव्हेंबर 2019 मधली गोष्ट. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं होतं. निमित्त एका जुन्या फोटोचं. 1936 सालची हॅम्बुर्गची गोदी, सगळे हात उंचावून नाझी सलाम ठोकतायत आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा. म्हणजे हुकूमशाहीला न झुकणाऱ्याचा फोटो, तोच द्वेषाच्या नियमात सापडला! भारतातले बरेच जण चिडून मॅस्टोडॉनवर गेले, त्यांच्या मागोमाग मी.

दारातच प्रश्न: सर्व्हर कुठला निवडणार? मॅस्टोडॉन ही एका मालकाची जागा नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले अनेक सर्व्हर जोडून ती बनते. ईमेलसारखंच आहे ते, खातं कुठेही काढा, बोलता सगळ्यांशी येतं. पण हे समजेपर्यंत निम्मे मित्र गळाले. उरलेल्यांनी आठवडाभर मजा केली. पाचशे अक्षरं, जाहिरात नाही, पोस्टी लागतील त्या क्रमाने दिसणार. पोस्टला तेव्हा 'टूट' म्हणायचे. लवकरच टूटचीच तूट पडली.

दोष मॅस्टोडॉनचा नव्हता. मुंबईत पाऊस कोसळायला लागला की लोकल चालू आहे का, हे मी ट्विटरवर बघायचो. रेल्वे तिथे, पालिका तिथे, पत्रकार तिथे, सामना चालू असताना शिव्या घालणारेही तिथेच. मी बिऱ्हाड हलवलं होतं, पण नाका, वाणी, पेपरवाला सगळे जुन्याच गल्लीत राहिले.

कू या ट्विटरसारख्याच भारतीय ॲपचंही तेच झालं. 2021 मध्ये मंत्र्यांनी तिथे खाती उघडली, पण ट्विटर कुणी सोडलं नाही. तीच पोस्ट दोन्हीकडे मिळत असेल तर कूवर जायचं कशाला? जुलै 2024 मध्ये ते बंद पडलं.

ऑक्टोबर 2022 मध्ये इलॉन मस्कने 44 अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं, तेव्हा मॅस्टोडॉनवर पुन्हा लोंढा आला. त्यातले माझ्या ओळखीचे जे टिकले ते लिनक्सवाले, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरणारे. त्यांची अख्खी आळीच उठून आली होती ना! तुम्हाला जायचं असेल तर ज्या पाच-सात जणांशी रोज बोलणं होतं, त्यांना आधी विचारा. ते नाही म्हणाले तर राग निवेपर्यंत थांबा.

माझं तिथलं खातं अजून आहे. पक्ष्यांचे फोटो टाकणारे दोघे-तिघे आहेत, त्यांच्यासाठी रविवारी सकाळी चहा घेताना डोकावतो.