नाशिकच्या द्राक्षबागेत कोवळी पालवी बघायला कधी यावं?

तुम्ही विचारलंय की फ्रान्सच्या फोटोंत दिसते तशी वसंतातली कोवळी पालवी बघायला मार्च-एप्रिलमध्ये नाशिकला यावं का. निफाड तालुक्यात आमची तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे, म्हणून सरळ सांगतो: द्राक्षं खायची असतील तर मार्चमध्ये खुशाल या, पण पालवीसाठी नको.

तिकडे थंडीत वेल झोपते, पानं झडतात आणि एप्रिलच्या आसपास ऊब आली की डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, आपसूक फुटतात. आमच्याकडे वेलीनं झोपी जावं इतकी थंडीच नाही. तिला उठवायचं काम कात्रीचं, तेही वर्षातून दोनदा. माल निघाला की बागेला थोडी विश्रांती देतो आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी घेतो. काडीला एखादा डोळा ठेवून बाकी सगळं खाली. ऐन चैत्रात झाडाझाडाला पालवी असते आणि आमच्या बागेचा खराटा झालेला असतो! पुढे फुटवे येतात, पण ते मेच्या तोंडावर, चाळिशीच्या उन्हात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) पाणी मारत बसावं लागतं. ही फूट फळासाठी नसतेच, तिच्यातून पुढच्या हंगामाची काडी तयार होते. पुढचे घड मात्र उन्हाळ्यातच त्या काडीच्या डोळ्यांत धरलेले असतात, बाहेरून काही कळत नाही.

तुम्हाला हवाय तो देखावा ऑक्टोबरात, गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या दुसऱ्या छाटणीनंतर. (सटाण्याकडच्या अर्ली, म्हणजे लवकर माल घेणाऱ्या, बागा त्याच्या कितीतरी आधी छाटतात, त्यांचं गणित वेगळं.) छाटणी झाली की काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांना ते एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावतात. त्या दिवशी बागेत शिरू नका. औषध कातडीला वाईट, आणि लावणाऱ्यानं त्या काळात दारूला शिवायचंही नसतं, भलताच त्रास होतो. आठ-दहा दिवसांनी डोळे फुगतात, तपकिरी कापूस दिसतो आणि त्यातून गुलाबी-पोपटी कोंब डोकावतो. याला आम्ही पोंगा म्हणतो. आणखी काही दिवसांनी पहिली पानं उलगडली की मधोमध मोहरीएवढ्या कळ्यांचा इवलासा घड दिसतो. आमच्या घरी तेव्हा सकाळचा चहा बागेतच, घड मोजत. मला विचाराल तर आमचा वसंत हाच.

तेव्हा दसऱ्याच्या पुढेमागे दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, निफाड या पट्ट्यात या. सगळ्या बागा एकाच दिवशी छाटत नाहीत, त्यामुळे एका फेरीत खराटा, पोंगा आणि हातभर फूट असं सगळं बघायला मिळेल. शेतकऱ्याला विचारून आत जा, बहुतेक जण चहा पाजूनच सोडतील. फक्त परतीचा पाऊस लागला असेल तर गप्पांची अपेक्षा ठेवू नका. कोवळ्या फुटीवर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, ढगाळ राहिलं तर घड जिरतात, म्हणजे वाढायच्या आधीच नाहीसे होतात, आणि अशा दिवसांत आम्ही ब्लोअर (फवारणीचं यंत्र) घेऊन रात्रीसुद्धा बागेतच असतो.