धाकट्या भावाला केंद्रात पदोन्नतीत आरक्षण मिळालं, मग मला राज्यात का नाही?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही दोघे सख्खे भाऊ, दोघांकडे अनुसूचित जातीचं वैध प्रमाणपत्र. धाकटा केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे, तिथे त्याला राखीव बिंदूवर, म्हणजे त्याच्या प्रवर्गासाठी ठरवून ठेवलेल्या पदावर, बढती मिळाली. तुम्ही 2009 पासून महसूल खात्यात लिपिक, आणि नेमणुका-बढत्या बघणाऱ्या तुमच्या आस्थापना शाखेत विचारलं की एकच उत्तर मिळतं, 'पदोन्नतीतलं आरक्षण बंद झालंय'. राज्यघटना एकच, मग न्याय दोन कसे?

माझी नोकरीची बहुतेक वर्षं आस्थापनेच्या टेबलावर गेली, त्यामुळे हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर तोंडपाठ आहे. तुमच्या शाखेतले लोक खोटं बोलत नाहीयेत. अर्धं सांगतायत.

पहिली गोष्ट, पदोन्नतीत आरक्षण हा कर्मचाऱ्याचा हक्क नाही. घटनेच्या 16(4क) कलमाने तो सरकारला दिलेला अधिकार आहे, वापरायचा तर वापरा. 2020 मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्पष्ट सांगितलं. मुळात 1992 च्या इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पदोन्नतीत आरक्षण नको असंच म्हटलं होतं. मग संसदेने 1995 मध्ये 77 वी दुरुस्ती केली आणि फक्त अनुसूचित जाती व जमातींसाठी ती वाट पुन्हा मोकळी केली. 'फक्त' हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे महाराष्ट्राचं घोडं इथेच पेंड खातं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या नागराज निकालाने 16(4क) कायम ठेवलं, पण अटी घातल्या. त्या पदांवर या वर्गांचं प्रतिनिधित्व अपुरं आहे हे सरकारने मोजता येईल अशा आकडेवारीने दाखवायचं आणि प्रशासनाची कार्यक्षमताही बघायची. मागासलेपणही सिद्ध करा अशी आणखी एक अट होती, ती 2018 च्या जर्नैल सिंग निकालात निघाली. त्याच निकालाने क्रीमी लेयरचं, म्हणजे प्रवर्गातल्या पुढारलेल्यांना आरक्षणातून वगळण्याचं, तत्त्व मात्र अनुसूचित जाती-जमातींच्या पदोन्नतीपर्यंत आणून ठेवलं. त्याच खटल्याच्या जानेवारी 2022 च्या निकालात न्यायालय म्हणालं की आकडेवारी संवर्गनिहाय हवी. म्हणजे अव्वल कारकुनांची वेगळी, नायब तहसीलदारांची वेगळी. सगळा गट क एकत्र मोजून चालणार नाही.

आता आपल्या राज्याकडे येतो, कारण तुमचं दुखणं तिथलं आहे.

महाराष्ट्राचा आरक्षण कायदा 2001 चा, अंमलात आला जानेवारी 2004 मध्ये. त्याच्या आधारे 25 मे 2004 चा शासन निर्णय निघाला आणि पदोन्नतीत 33 टक्के आरक्षण ठरलं. फोड अशी: अनुसूचित जाती 13, जमाती 7, आणि उरलेले 13 टक्के विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग मिळून. इतर मागासवर्गाचे 19 टक्के सरळसेवेत, म्हणजे थेट भरतीत, आहेत, पदोन्नतीत नाहीत. हे अजून कित्येकांना माहीत नसतं. तर घटना म्हणते 'फक्त अनुसूचित जाती-जमाती' आणि आपण त्याच शासन निर्णयात आणखी 13 टक्के जोडले. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण कायद्याने पायाच नसलेली खोली मूळ घराला जोडून बांधली की हादरा घरालाही बसतो. शिवाय नागराजनंतर जी आकडेवारी लागणार होती, ती जमा झालीच नव्हती.

नोव्हेंबर 2014 मध्ये मॅटने, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, तो शासन निर्णय रद्द केला. 4 ऑगस्ट 2017 ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यानंतरचा काळ आस्थापनेत काम करणाऱ्याने विसरूच नये असा. डिसेंबर 2017 चं पत्र आलं: खुल्या कोट्यातली पदं ज्येष्ठतेने भरा, राखीव पदांना हात लावू नका. 18 फेब्रुवारी 2021: राखीव 33 टक्के रिकामी ठेवून बाकीची भरा. 20 एप्रिल 2021: फेब्रुवारीचा निर्णय रद्द. 7 मे 2021: एप्रिलचाही बदलला, आता सगळीच पदं 25 मे 2004 च्या स्थितीनुसार सेवाज्येष्ठतेने भरा, सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून. तीन महिन्यांत तीन फतवे. विभागीय पदोन्नती समितीसमोर ठेवायचा प्रस्ताव टाईप होऊन सह्यांना जाईपर्यंत शिळा व्हायचा.

7 मेच्या निर्णयाचा अर्थ तुमच्यासाठी असा: तुम्ही 2004 नंतर लागलात, म्हणून तुमचा क्रमांक सेवेत दाखल झाल्याच्या ज्येष्ठतेने. प्रवर्गाचा रकाना तिथे बढतीच्या कामाचा नाही. खरा फटका बसला तो 2004 नंतर राखीव बिंदूवर वर चढलेल्यांना. पुढच्या बढतीसाठी त्यांना 25 मे 2004 च्या यादीतल्या जुन्या जागेवर मोजायचं ठरलं. खरं तर 85 व्या घटनादुरुस्तीने आरक्षणातून आधी वर गेलेल्याला वरच्या संवर्गातली ज्येष्ठताही टिकवून दिली होती, तीही 17 जून 1995 पासून मागच्या परिणामाने. म्हणजे मागून येणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या सहकाऱ्याने पुन्हा पुढे निघायचं नाही. आपल्याकडे शासन निर्णयच गेल्यावर ते संरक्षण लागणार कशाला?

तुमच्या भावाचं वेगळं. केंद्रात अनुसूचित जातींना 15 आणि जमातींना साडेसात टक्के. मध्यंतरी तिथेही गाडी अडली होती. जून 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यानुसार पदोन्नत्या करायला मोकळीक दिली आणि कार्मिक विभागाने लगेच आदेश काढला. एप्रिल 2022 मध्ये संवर्गनिहाय आकडेवारीच्या अटींचं परिपत्रकही निघालं. पण त्याला सांगून ठेवा, गट अ मध्ये गेल्यावर त्या गटातल्या निवडीने होणाऱ्या पुढच्या बढत्यांना केंद्रातही आरक्षण नाही.

मला राग येतो तो आकडेवारीवरून. ती कुठून परग्रहावरून आणायची नव्हती. प्रत्येक कार्यालयात बिंदुनामावलीची, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं हे दाखवणाऱ्या यादीची, आडवी नोंदवही असते. प्रत्येक बिंदूसमोर कर्मचाऱ्याचं नाव, जात, नियुक्तीची तारीख, निवृत्त झाला तर शेरा, आणि पानाच्या तळाशी मागासवर्ग कक्षाचा तपासल्याचा शिक्का. मंजूर पदं 100 असतील तर 13 बिंदू अनुसूचित जातीचे. तेवढे भरले की नामावली तिथे थांबते आणि त्यातला कुणी निवृत्त झाला तर त्याच प्रवर्गातला माणूस त्या जागी येतो. 1995 च्या सभरवाल निकालापासून हिशोब असा पदांवर चालतो, दरवर्षीच्या रिक्त जागांवर नाही. कुठल्या संवर्गात कोण किती कमी आहे, हे त्या वहीतच लिहिलेलं असतं. राखीव पदोन्नतीतून आलेल्यांच्या ज्येष्ठतेचा कर्नाटकाचा कायदा फेब्रुवारी 2017 मध्ये असाच आकडेवारीअभावी पडला होता. त्यांनी अतिरिक्त मुख्य सचिव रत्नप्रभा यांची समिती नेमून आकडे गोळा केले, 2018 मध्ये नवा कायदा केला आणि मे 2019 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. ते आकडे गटनिहाय होते, यावर 2022 च्या निकालाने नंतर बोट ठेवलं, ते खरंच. पण त्यांनी निदान वह्या उघडल्या. आपण मंत्रिमंडळ उपसमिती नेमली आणि फेब्रुवारीत काढलेलं एप्रिलमध्ये मागे घेतलं.

आता कामाचं. दर वर्षी 1 जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती ज्येष्ठता यादी निघते, ती मागून घ्या. कुणी तुमच्या पुढे गेला असेल तर तो राखीव-खुल्या भानगडीमुळेच गेला असं धरून चालू नका. महसूल खात्यात अव्वल कारकून व्हायला महसूल अर्हता परीक्षा लागते, आणि ठरलेल्या मुदतीत व संधींत ती सुटली नाही तर मूळ ज्येष्ठता जाते. माझ्या टेबलावर 'अन्याय झाला' म्हणून आलेल्या बऱ्याच अर्जांचं मूळ जातीच्या नाही, परीक्षेच्या रकान्यात निघायचं. दहा-वीस-तीस वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेचा लाभही तपासा. ती वेतनाची वाढ आहे, पदाची नाही, म्हणून तिला आरक्षणाचा हा घोळ लागू होत नाही. 2009 धरलं तर पहिला लाभ तुम्हाला कधीच मिळायला हवा होता. मिळाला नसेल तर सेवापुस्तक आणि गोपनीय अहवाल पूर्ण आहेत का ते आधी बघा.

सामान्य प्रशासन विभागाचा ताजा शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्या, शाखेतल्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आणि तात्पुरत्या यादीत परीक्षा उत्तीर्ण झाल्याची तुमची तारीख चुकलेली दिसली, तर कोर्टाच्या निकालाची वाट बघत बसू नका. हरकतीची मुदत संपायच्या आत लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.