मॉन्स्टेराला भोकं का पडंनात?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी हौसेनं मॉन्स्टेरा आणला, हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवलाय. आणला तेव्हा पानं ताटाएवढी होती, मस्त भोकाभोकांची. आता नवीन येतात ती तळहाताएवढी आणि सपाट, खालची पिवळी पडायला लागलीत. रोज पाणी घालते, शेणखतही घातलं. सकाळी पानांच्या टोकाला थेंब दिसतात, सासूबाई म्हणतात झाड रडतंय! त्यांच्याच जुन्या पितळी घंगाळात कुंडी ठेवलीय. काय चुकतंय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, झाड रडत नाहीये. मुळांनी रात्री ओढलेलं जास्तीचं पाणी पानाच्या टोकातनं बाहेर पडतं, पहाटे अळूच्या पानावर बघितलं असेल, आणि हा अळूच्याच कुळातला. थेंबांचं टेन्शन नको, पण पानं पिवळी आणि रोजचं पाणी म्हटल्यावर मला संशय येतोय तो त्या घंगाळाचा. त्याला खाली भोक नाही ना? आजच कुंडी उचला आणि वास घ्या. माझ्याकडं असाच एक हंडा होता, लई ऐटीत ठेवलेला, एक दिवस कुंडी उचलली तर खाली चार बोटं पाणी, गटारीसारखा वास, आणि मूळ धरलं की वरची साल हातात आणि आतला दोराच शिल्लक! तसं असेल तर काळी मऊ झालेली मुळं कापून टाका, घट्ट पांढरी ठेवा. चीक हाताला लागू देऊ नका, अळूसारखाच खाजतो, आणि लहान मूल पानं चघळणारं असेल तर झाड लांबच ठेवा. घंगाळ राहू दे, सासूबाईंना कशाला दुखवायचं, फक्त पाणी बाहेर घालायचं आणि पूर्ण निथळल्यावर कुंडी परत आत.

पण भोकं पडत नाहीत ते उजेड कमी पडतोय म्हणून. मूळचा हा दक्षिण मेक्सिको ते पनामा भागातल्या जंगलातला वेल, मोठ्या झाडाच्या खोडाला धरून उजेडाकडं चढत जातो आणि जसा वर जाईल तशी पानं मोठी अन् भोकाची होत जातात. टीव्हीच्या कोपऱ्यात त्याला ना उजेड ना आधार. मग शेणखत घालून काय होणार, चूलच पेटली नाही तर पातेल्यात काहीही टाका! दुपारी बाराला पानाजवळ हात धरून बघा, सावली नीट पडली तर जागा बरी, नुसतं धुरकट दिसलं तर झाड हलवा. पूर्वेची खिडकी सगळ्यात भारी. पश्चिमेची असेल तर एप्रिल-मेमध्ये पडदा लावा नाहीतर पानं भाजतात. प्लास्टिकच्या पाइपला काथ्या गुंडाळून मधोमध रोवा, हवेत लोंबणारी मुळं कापायची नाहीत, त्या काथ्याकडं वळवायची. आत्ता जी सपाट पानं आहेत ती तशीच राहणार, उघडलेल्या पानाला नंतर भोकं पडत नसतात, जे काय होईल ते पुढच्या पानांत.

आणि शेतातली काळी माती भरली असेल तर काढा. उसाला ती सोनं, कुंडीत मात्र चिखल. लाल माती, कोकोपीट, गांडूळ खत, आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरपूर. पाणी घालायच्या आधी बोट दोन पेरं आत खुपसायचं, ओलं लागलं तर गप्प बसायचं. पावसाळ्यात आपल्याकडं चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तिथं कुंडी काय वाळणार.

प्रश्न : बाल्कनीतला रबर प्लँट हॉलमध्ये आणला आणि आठवड्यात सात-आठ पानं गळाली. मेला का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नाही हो. एकदम उन्हातनं आत आणलं की हा रुसतोच. शेंडा हिरवा आहे ना? मग खिडकीशेजारी ठेवा, पाणी कमी करा, पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा आणि महिनाभर जागेवरनं हलवू नका. मेघालयात याच झाडाची जिवंत मुळं ओढ्यावरनं वळवून लोक चालायचे पूल करतात, सात-आठ पानांनी त्याला काय होतंय!